विल्फ फर्निसच्या कमानी

आमच्या आवारात नावं ठेवायची राहिली असा माणूस एकच होता, विल्फ फर्निस. बाकी सगळ्यांची हजेरी घेऊन झालेली. धार लावणारा ईनॉक चोंबडा, मी तोंडाळ, घरमालकाचं तर विचारूच नका. विल्फबद्दल मात्र बोलायला काही सापडतच नसे. मी शोधून पाहिलं होतं.

मी डोरीन. शेफिल्डच्या त्या विटांच्या आवारात वरच्या मजल्यावर मी चाकू पॉलिश करायचे. सव्वीस वर्षं केले. डोक्याला लाल रुमाल, अंगात मांजरपाटाचा पांढरा झगा, पायांना वर्तमानपत्रं गुंडाळलेली, आणि संध्याकाळपर्यंत त्या सगळ्याचा रंग एकच, काळा. माझ्या जिन्याखाली विल्फची खोली. तो घडीचे चाकू करायचा, एकटाच, कानस मारण्यापासून मूठ बसवण्यापर्यंत सगळं. त्याआधी त्याचा बाप अमोस त्याच खोलीत तेच करायचा. खिडकीजवळची भट्टी बापाची, ऐरण बापाची, सांडशीसुद्धा बापाची.

घडीचा चाकू उघडताना टक् असा आवाज येतो आणि मिटतानाही येतो. लोकांना वाटतं, तो पात्याचा. तो असतो पाठीतल्या स्प्रिंगचा, आम्ही तिला कमान म्हणतो. बोटाएवढी पोलादाची पट्टी. पातं उघडं असलं तर तिने ते उघडं धरायचं, मिटलं असलं तर मिटलेलं, आणि हे दिवसातून दहा वेळा वाकून परत सरळ होत वीस-तीस वर्षं करत राहायचं. विल्फचा टक् वेगळा होता. डोळे मिटून दहा चाकू उघडले तरी त्यातला त्याचा कुठला ते मी सांगायचे. गिऱ्हाईक पातं बघून चाकू घेतं, पण पुढच्या वेळी त्याच कारागिराकडे येतं ते कमानीमुळे.

या कमानीला आधी ताव द्यायचा, पिकल्या चेरीसारखी लाल होईपर्यंत, आणि त्याच क्षणी तेलात बुडवायची. मग ती इतकी कडक होते की खाली पडली तर फुटेल. म्हणून तिला परत तेल लावून आगीवर धरायची. तेल पेटतं, भडका उडतो, विझतो. परत तेल, परत भडका. असं तीनदा केलं की ती वाकायला शिकते. यासाठी विल्फकडे ना तापमापक होता, ना घड्याळ. डोळा होता. लाल कुठला आणि फार लाल कुठला, एवढंच त्याचं शिक्षण, आणि ते त्याने चौदाव्या वर्षापासून बापाच्या शेजारी उभं राहून घेतलेलं.

गोष्ट बहात्तर सालची. त्या फेब्रुवारीत आमच्या समोरची इमारत पाडली. काट्याचमच्यांचा तीन मजली कारखाना होता, कधीचाच बंद पडलेला. शंभर वर्षं तो आमच्या खिडक्यांच्या तोंडावर उभा होता, हात लांब केला तर लागेल इतका जवळ. चार दिवस आम्ही धूळ खाल्ली. पाचव्या दिवशी सकाळी मी आले तर विल्फच्या खोलीत, त्या भट्टीच्या कोपऱ्यात, ऊन पडलं होतं. विल्फ चहाचा मग घेऊन त्या उन्हात उभा होता, नवख्या घरात पाहुणा उभा राहतो तसा अवघडून.

"डोरीन, बघ तरी. माझ्या खोलीला भिंती आहेत!"

"आणि त्या किती घाण आहेत तेही आता दिसतंय," मी म्हटलं.

असलं काही दिसलं की मला राहवत नाही. त्याच शनिवारी मी व्हिनेगर आणि जुने पेपर घेऊन त्याच्या खिडकीला भिडले. काजळीचे थरच्या थर निघाले. "राहू दे गं, काचच हातात येईल तुझ्या," विल्फ ओरडत होता, पण खूश होता. मग मी तिथे जिरेनियमची एक कुंडी ठेवली. तो दुपारचा डबा खायला खुर्ची ओढून खिडकीशी बसायला लागला. चरबी लावलेला पाव खात बाहेरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहायचा.

मार्चमध्ये पहिली कमान तुटली. माझ्याच हातात. शेवटचा हात फिरवायला चाकू घेतला, नखाने पातं उघडलं, आणि टक् व्हायच्या जागी नुसतंच काहीतरी करकरलं आणि पातं लुळं पडलं. मी खाली घेऊन गेले.

"कशावर आपटलास?" विल्फ म्हणाला.

"आपटलाय कुणी? नुसता उघडला. तुझी शपथ."

त्याने चाकू सोडवला आणि कमानीचे दोन तुकडे खिडकीपाशी नेले. बराच वेळ बघत राहिला. चांगलं पोलाद तुटलं तर आत राखाडी, मऊसर दिसतं. इथे साखरेसारखे दाणे चमकत होते. असे दाणे म्हणजे ताव जास्त झाला. हे मलाही कळत होतं, आवारातल्या मांजरालाही कळलं असतं.

"जास्त तापलीय," तो म्हणाला. "पण चेरीच होती. मी बघितली ना."

"होते रे एखादी."

"माझी होत नाही," विल्फ म्हणाला. त्यात बढाई नव्हती. खरंच होत नव्हती.

त्या महिन्यात आणखी चार तुटल्या. एप्रिलमध्ये लंडनच्या एका दुकानाने सात चाकू परत पाठवले, सोबत फार सभ्य चिठ्ठी. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. विल्फने आधी पोलादावर संशय घेतला. बाकाखाली बापाच्या वेळची एक जुनी कांब होती, तिच्यातून सहा कमानी केल्या. त्यातल्या तीन तुटल्या, तेच दाणे. मग तेल बदललं. मग भट्टीतला कोळसा बदलला. मग भात्याचं चामडं उसवून पाहिलं, का ते त्यालाही माहीत नव्हतं.

मग त्याने मुद्दाम कमी ताव देऊन पाहिला. त्या दिवशी पाऊस होता, अंधारून आलेलं. कमानी मऊ निघाल्या, वाकवल्या तर वाकड्याच राहिल्या. "म्हणजे एवढा नाही, याहून जरासा जास्त," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी, चांगलं ऊन असताना, जरासाच जास्त दिला. सगळ्या ठिसूळ. काल मऊ, आज ठिसूळ. माणूस तोच, आग तीच, पोलाद तेच. मी जिन्यात बसून हे सगळं बघत होते आणि माझं डोकं बधिर झालं होतं. त्याचं काय झालं असेल!

सल्ले द्यायला ईनॉक होताच. त्याचं ग्राइंडिंगचं चाक पलीकडच्या खोलीत, पण कान कायम आमच्याकडे.

"इमारत पाडली तेव्हापासून जमीन हलतेय," तो एकदा म्हणाला. "भट्टी तिरकी झाली असणार."

"भट्टी तिरकी झाली म्हणून कमान तुटते होय?" मी म्हटलं. "तू जन्मापासून तिरका आहेस, तुझं कधी काही तुटलं?"

"मी आपलं सुचवलं. नाहीतर मग दुसरं कारण सगळ्यांना माहीतच आहे." आणि विल्फच्या पाठीकडे बघत त्याने डोळ्याखाली बोट टेकवलं. "बापाचंच आलंय याला. अमोसचंही असंच झालं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षीच."

विल्फने ऐकलं. तो वळला नाही. पण त्याच्या हातातली कानस थांबली.

अमोसची गोष्ट मला ऐकीव माहीत होती. विल्फच्या तोंडून मी ती त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. दुपारी डबा खाताना तो आपणहून बोलला, खिडकीकडे बघत.

"लढाई संपली, मी पंचेचाळीसच्या ऑक्टोबरात घरी आलो. दुसऱ्या दिवशी इथे आलो तर या बाकावर तुटक्या कमानींचा ढीग. म्हाताऱ्याने सगळा उन्हाळा कमानी जाळल्या होत्या. दुकानवाले नावं ठेवत होते. मी आठ दिवस बघितलं. त्याच्याशेजारी उभा राहायचो आणि मला दिसायचं, ताव पुढे गेलाय, तरी तो आगीत धरूनच आहे. शेवटी मी हात पुढे केला. म्हटलं, 'बाबा, द्या ती सांडशी इकडे. तुमचा डोळा गेलाय.'"

"मग?"

"दिली. कोट चढवला आणि घरी गेला. परत या आवारात पाय ठेवला नाही. अकरा वर्षं जगला त्यानंतर."

"आणि तुझ्या कमानी?"

"माझ्या चांगल्या निघाल्या. पहिल्याच दिवसापासून." त्याने पावाचा तुकडा परत कागदात गुंडाळला. "टेकडीवर आमचा भाजीचा वाफा आहे ना, तिथे तो टोमॅटो लावायचा. काचेच्या खोपट्यात. मी दर रविवारी जायचो. तो एकेक टोमॅटो हातात धरून मला विचारायचा, 'विल्फ, पिकला का रे हा?' आपल्या डोळ्यावरचा भरवसाच उडाला होता त्याचा. मी सांगायचो, 'हो बाबा, पिकला.' मग तो तोडायचा."

मी चहाचा मग त्याच्याकडे सरकवला.

"मला कुणी सांडशी द्या म्हणायला लागू नये," विल्फ म्हणाला. "ख्रिसमसपर्यंत बघतो. तोवर सुधारलं नाही तर मीच ठेवीन खाली."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. विल्फ नाही तर त्या खोलीत कोण? घरमालकाने लगेच ती कुणाला तरी मोटरसायकल ठेवायला दिली असती. पण खरं सांगायचं तर मला खोलीची पडली नव्हती. हा माणूस घरी खुर्चीत बसून बायकोला टोमॅटो पिकला का म्हणून विचारणार, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

त्याची बायको हिल्डा त्याला चष्म्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथून तो आला तो जास्तच गोंधळून.

"काय म्हणाला डॉक्टर?"

"म्हणाला, या वयाला इतके चांगले डोळे बघितले नाहीत. सगळ्यात खालची ओळ वाचली मी. छापखान्याचं नाव होतं कोपऱ्यात, तेही वाचलं."

"मग झालं तर!"

"काय झालं? त्याची अक्षरं काळी, कागद पांढरा. लाल कुठे होतं त्यात?"

"रंगांचं पुस्तक दाखवलं असेल की."

"दाखवलं. तेही सगळं बरोबर आलं." तो वैतागून खुर्चीत बसला. "डोळा चांगला. पोलाद चांगलं. तेल नवं. मग तुटतंय कोण, डोरीन? मीच ना?"

उन्हाळा असाच गेला. निम्म्या कमानी तो फेकून द्यायचा, उरलेल्या वाकवून वाकवून तपासायचा आणि मग भीत भीत चाकूत बसवायचा. आता चाकू हातात देताना तो माझ्या चेहऱ्याकडे बघायचा. मी पातं उघडताना श्वास धरायचे. टक् झालं की दोघंही सोडायचो.

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी मी ट्रॅमच्या जुन्या थांब्यापासून आवारापर्यंत चिंब भिजून आले. माझ्या आईचा काळा लोकरी कोट होता, सतरंजीएवढा जाड, माझ्या दुप्पट मापाचा. पाणी पिऊन त्याचं वजन शेळीएवढं झालेलं. वर माझ्याकडे आग नाही, म्हणून मी तो विल्फकडे नेला. भट्टीजवळ टांगायला जागा एकच, खिडकीच्या चौकटीवरचे दोन खिळे. टांगला आणि वर निघून गेले.

दुपारी विल्फ जिन्याखालून हाका मारायला लागला. मला वाटलं आग लागली. खाली गेले तर बाकावर दोन डझन कमानी ओळीने मांडलेल्या आणि हा एकेक उचलून वाकवतोय.

"एकही नाही," तो म्हणाला. "डोरीन, एकही तुटली नाही. एकही मऊ नाही."

"काय केलंस वेगळं?"

"काही नाही! रोजचंच." तो हसत होता, पण त्याच्या कपाळाला घाम होता. "आज नुसतं... बरं वाटत होतं हाताला. का ते नाही सांगता येत."

संध्याकाळी मी वाळलेला कोट घालून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सात तुटल्या. मी असा गोंधळलेला माणूस जन्मात पाहिला नाही. रडला असता तर मी समजूत घातली असती. तो नुसता कमानींकडे बघत होता, लहान मुलाला कुणी उगाच मारल्यासारखा.

मग, देव माझं भलं करो, तो मला म्हणाला, "डोरीन, हसू नकोस. काल तुझा कोट इथे होता."

मी हसलेच.

"मी सांगितलं ना हसू नकोस. उद्या आण. टांग तिथेच."

"उद्या ऊन असलं तर?"

"तरी आण. माझ्यासाठी."

शकुनअपशकुनाला आमचं आवार कधी नाही म्हणत नाही. हिरवा रंग अपशकुनी, म्हणून हिरवा रुमाल बांधून पॉलिशला बसणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. मी कोट आणला. टांगला. एकही कमान तुटली नाही. ऑक्टोबरभर, चांगलं कोवळं ऊन पडलेलं असताना, मी तो शेळीएवढा कोट खांद्यावर टाकून बसमध्ये चढत होते आणि कंडक्टर विचारत होता, बाई, उत्तर ध्रुवाला का? कोट असला की कमानी चांगल्या. एकदा मी विसरले तर पाच तुटल्या, आणि विल्फने मला डबा खायच्या सुट्टीत कोट आणायला घरी पिटाळलं.

ईनॉकला तर सणच झाला. "डोरीनच्या आईचं भूत आहे कोटात," तो सगळ्या आवाराला सांगत फिरायचा. "ती बाई जिवंतपणी नवऱ्याला ताव देत होती, आता पोलादाला देते."

"तुझ्या खोलीत टांगते थांब," मी म्हणायचे. "तुझं चाक उलटं फिरायला लागेल."

विल्फ हसायचा नाही. कोटाने कमानी चांगल्या निघत होत्या हे खरं, पण आपलं काम एका जुन्या लोकरीच्या भरवशावर चाललंय, हे त्याला टोचत होतं. "हे काय झालं?" तो एकदा म्हणाला. "चव्वेचाळीस वर्षं मी हे करतोय आणि आता तुझ्या कोटाची परवानगी लागते? कोट फाटला की मी संपलो का?" ख्रिसमसची मुदत त्याने मागे घेतली नव्हती.

आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, कोट पडला. उजवीकडचा खिळा गंजका होता, तो निघाला. मी तिथेच होते, पॉलिशला चाकू न्यायला आलेले. बाहेर लख्ख ऊन होतं. विल्फ सांडशीत कमान धरून उभा, ती चेरीसारखी लाल झालेली, आता बुडवणार. कोट खाली आला, उजेड आत आला, आणि ती कमान विझली.

म्हणजे विझली नव्हती. विझायला वेळच कुठे होता? पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. लालभडक होती ती एकाएकी मंद, तपकिरी दिसायला लागली, अर्धीकच्ची तापल्यासारखी. विल्फचा हात आपोआप आगीकडे वळला, आणखी ताव द्यायला. आणि मधेच थांबला.

"कोट वर धर," तो म्हणाला.

मी दोन्ही हातांनी कोट खिडकीवर ताणून धरला. कमान लाल.

"सोड."

तपकिरी.

"धर."

लाल, पण आता जराशी उतरलेली. कमान निवेपर्यंत आम्ही तेच करत राहिलो. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी किंचाळलेच.

"खिडकी! अरे मेल्या विल्फ, खिडकी! त्या इमारतीने उजेड अडवला होता, ती पाडली, वर मी शहाणीने काचा घासल्या! उजेडात तुला लाल दिसतच नव्हतं, म्हणून तू जास्त तापवत होतास! ऊन असलं की ठिसूळ, ढग आले की मऊ! तुझ्या डोळ्याला धाड नाही भरलेली!" मी त्याला मिठी मारली, झग्याची सगळी काळी घाण त्याच्या शर्टाला लावली, आणि जिन्यात जाऊन ओरडले, "ईनॉक! कान लावून बसला असशीलच, तर ऐक! डोळा शाबूत आहे त्याचा!"

मागे वळले तर विल्फ खाली बसला होता. खुर्चीत नाही, जमिनीवर, ऐरणीला टेकून. सांडशी मांडीवर.

"अरे, काय झालं? बरं वाटत नाही का?"

"आईचं पत्र आलं होतं मला," तो म्हणाला. "जर्मनीत होतो तेव्हा. पंचेचाळीसच्या मे महिन्यात. त्यात लिहिलं होतं, 'तुझ्या बाबांनी आज कामाच्या खोलीच्या काचांचा काळा रंग खरवडून काढला. शिडीवर चढून, गाणी म्हणत. आता आत उजेडच उजेड आहे.'"

मला कळायला एक क्षण लागला. मग कळलं. लढाईची सहा वर्षं शहरातल्या सगळ्या खिडक्यांना काळा रंग फासलेला होता, वरून विमानांना उजेड दिसू नये म्हणून. मी तेव्हा शाळकरी पोर होते. आमच्याही घरी होता.

"सहा वर्षं त्याने अंधारात ताव दिला," विल्फ म्हणाला. "आणि मग रंग काढला."

"विल्फ..."

"माझा डोळा लढाईच्या आधीचा होता. मी सहा वर्षं भट्टीपाशी नव्हतोच, त्या काळोखाची सवय मला लागलीच नव्हती. म्हणून माझ्या कमानी चांगल्या निघाल्या. आणि मला वाटलं, मी शहाणा."

"तुला कुठे माहीत होतं? त्यालाही माहीत नव्हतं."

"तो म्हणाला होता मला. एकदा. 'विल्फ, ताव बरोबर होता रे, मी बघितला ना.' मी म्हटलं, 'बाबा, हे दाणे बघा.'" त्याने सांडशीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "मी मार्चपासून तुटक्या कमानी करतोय, डोरीन. नऊ महिने. माझ्या हातातून कुणी काही काढून घेतलं नाही. त्याला तेवढा वेळ दिला असता तर त्यालाही कारण सापडलं असतं. मी त्याला आठ दिवस दिले."

मी त्याच्याशेजारी बसले. मला रडू आलं, त्याला आलं नाही. जिन्यात ईनॉक उभा होता, मागे त्याचं चाक रिकामंच फिरत होतं.

दुपारी विल्फने खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागावर फळी ठोकली आणि वरच्या काचांना शेगडीचा काळा रंग लावला. जिरेनियम मी वर घेऊन गेले. ख्रिसमस आला आणि गेला, मुदतीचं नाव कुणी काढलं नाही. त्यानंतर तो नऊ वर्षं काम करत होता, आणि त्याची कमान तुटली म्हणून चाकू परत आल्याचं मला आठवत नाही.

टेकडीवरचा वाफा त्याने बाप गेल्यावरही सोडला नव्हता. पुढच्या ऑगस्टात एका रविवारी तो माझ्या दाराशी आला, अंगात चांगला कोट, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. "चल माझ्याबरोबर," म्हणाला. दफनभूमीपर्यंत चढ आहे, दोघंही धापा टाकत गेलो. अमोसचा दगड जुना, काजळीने काळा पडलेला. विल्फने कागद सोडला. आत एक टोमॅटो होता. त्याने तो दगडावर ठेवला, टोपी काढली.

"बाबा," तो म्हणाला, "पिकलाय की नाही ते तुम्हीच बघा."